मेगाब्लॉक आणि सात नंबरचा घोडा

परवा संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर रेसकोर्सचा विषय निघाला. कट्टा म्हणजे डोंबिवलीतल्या एका बागेतली दोन बाकं आणि त्यांवर बसणारे आम्ही सहा-सात निवृत्त लोक. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ साली बागेसाठी महापालिकेकडे गेले आणि ९१ एकर रेसवाल्यांकडे राहिले, हे सगळ्यांना माहीत होतं. एकजण तावातावाने म्हणाले, "ते ९१ तरी कशाला ठेवले? जुगाराचा अड्डा नुसता. सगळाच बंद करायला हवा होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "जुगार बंद करायचा ना? जरूर करा. पण रेसकोर्सचा नंबर सगळ्यात शेवटी लावा."

सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. आयुष्यभर फळ्यावर सुविचार लिहिणारा मास्तर आणि रेसची बाजू घेतो! कट्ट्यावर कुणी कुणाचं पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून आता इथे सविस्तर लिहितो. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतील त्यांना यात एक जुनी गोष्ट नव्याने कळेल. कळू दे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, रेसचे शौकीन होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. शिक्षण आठवीपर्यंत. पण रेसचं इंग्रजी पुस्तक हातात आलं की हा माणूस घोड्याचं वजन, त्याचे आईबाप, ट्रेनर, जॉकी, मागच्या पाच शर्यतींतले नंबर असं सगळं धडाधड वाचून काढायचा. मी मराठी माध्यमातला बी. ए., मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. "मास्तर, फिली म्हणजे घोडीचं पोर, कोल्ट म्हणजे घोड्याचं पोर. एवढं पण शिकवलं नाही तुम्हाला कॉलेजात?" असं वर मलाच ऐकवायचे.

माणूस व्यसनी होता असं म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. दारू नाही, विडी नाही, कधी कुणाला वेडंवाकडं बोलणं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा मोसम, तेवढ्यात जमतील तितके रविवार महालक्ष्मी. पुढे पुण्याचा पावसाळी मोसम असतो, पण पुण्याला जाणं परवडत नसे. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार धावायची, पुण्याच्या रेसना जाणाऱ्या शौकिनांच्या सोयीसाठी, ही माहिती मला पहिल्यांदा भाऊजींनीच दिली. त्या गाडीबद्दल ते असं बोलायचे की जणू ती त्यांच्याच खानदानाची होती आणि पुढे सरकारने काढून घेतली.

सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असा निकाल दिला. त्या बातमीचं कात्रण भाऊजींच्या पाकिटात कायम असायचं. ताई काही बोलली की ते बाहेर निघायचं. ताई शांतपणे म्हणायची, "कौशल्याचा आहे ना? मग दाखवा की कौशल्य."

आता त्या दिवसाची गोष्ट. रविवार, २ फेब्रुवारी २००३. डर्बीचा दिवस. इंडियन डर्बी १९४३ पासून धावते आहे, अंतर २४०० मीटर, आणि रेसवाल्यांच्या दृष्टीने तो दिवस म्हणजे आषाढी एकादशीच. भाऊजी आठवडाभर तयारी करत होते. ताईने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "या वेळी तू जा त्यांच्याबरोबर. तू असलास की जरा लाज बाळगतील." शिवाय तिने माझ्या हातात सातशे रुपये ठेवले. दादरला तिने चष्मा करायला टाकला होता, त्याची बाकी द्यायची होती आणि चष्मा घेऊन यायचा होता. ताई घरी ब्लाउज शिवायची. सातशे रुपये म्हणजे बरेच ब्लाउज झाले.

भाऊजींनी एका वापरलेल्या पाकिटाच्या मागे सगळा कार्यक्रम लिहून काढला होता. अकराच्या सुमाराची फास्ट, बाराच्या आत दादर, चष्मा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, महालक्ष्मी, वडापाव, मग पॅडॉकवर जाऊन घोडे नजरेखालून घालायचे, आणि पहिल्या शर्यतीच्या आधी जॉकीपॉट. (बरोबर शब्द जॅकपॉट. भाऊजी जॉकीपॉट म्हणायचे आणि दुरुस्त केलं तर रागवायचे.) इतकी आखीव योजना मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

फक्त एक गोष्ट राहून गेली. त्या रविवारी मेगाब्लॉक होता.

पेपरात आलं होतं. पण भाऊजी पेपर मागून उघडायचे, थेट रेसच्या पानावर. आणि मी? मी पहिल्या पानाच्या पुढे गेलोच नाही. आदल्या संध्याकाळी कोलंबिया यान परत येताना आकाशात फुटलं होतं आणि कल्पना चावला गेली होती. सोमवारी परिपाठाला मुलांपुढे काय बोलायचं याचाच विचार डोक्यात चालू होता. घरात पेपर असूनही मेगाब्लॉकची चौकट दोघांपैकी एकाच्याही नजरेला पडली नाही. फलाटावर घोषणा ऐकली तेव्हा भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता.

फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवलेल्या. म्हणजे पारसिकच्या बोगद्यातून सुळकन ठाण्याला निघायचं ते गेलं, दिवा-मुंब्रा-कळवा असा प्रवास नशिबी आला. दिव्याला पंधरा मिनिटं. मुंब्र्याच्या अलीकडे खाडीकडे तोंड करून चाळीस मिनिटं. डब्यात सगळे कल्पना चावलाबद्दल बोलत होते आणि भाऊजी घड्याळाकडे बघत होते. ठाणं आलं तेव्हा एक वाजून गेला होता. पुढेही गाड्या तुंबल्याचं कुणीतरी सांगितलं आणि भाऊजी ताडकन उठले. "उतरा मास्तर. रिक्षा."

मी म्हणत होतो की गाडीत बसून राहू, कधीतरी पोचेलच. ऐकतोय कोण. ठाणे स्टेशन ते चेकनाका एक रिक्षा. तिथे उतरून मुंबईची दुसरी रिक्षा. ती शीवपर्यंतच, कारण पुढे शहरात रिक्षा जात नाहीत. शीवला टॅक्सी. तीन वाहनं मिळून तीनशे पंधरा रुपये. भाऊजींनी रेससाठी आणलेले होते पंधराशे, त्यातला पाचवा हिस्सा रस्त्यातच संपला. (आमच्या डब्यातले एक गृहस्थ नंतर कधीतरी डोंबिवली स्टेशनवर भेटले. ते त्याच गाडीने दोनला दादरला पोचले होते. हे मी भाऊजींना कधी सांगितलं नाही.)

तीनला आत शिरलो तेव्हा दोन शर्यती होऊन गेल्या होत्या. भाऊजींनी दुसऱ्या शर्यतीतला एक घोडा तीन आठवडे हेरून ठेवला होता, त्यावर पाचशे लावायचे ठरले होते. तो घोडा आला होता, आणि भावही चांगला फुटला होता. भाऊजी मटकन पायरीवर बसले. "मास्तर, माझे अडीच हजार बुडाले."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही लावलेच नव्हते तर बुडाले कुठून?"

त्यांना ते पटेना. आणि तिथून पुढे तो दिवस हातातून गेला. न लावलेल्या पैशाचं न मिळालेलं बक्षीस वसूल करायला म्हणून ते लावत सुटले. एरवी शंभर-शंभरने लावणारा माणूस तीनशे, चारशे करायला लागला. पॅडॉककडे फिरकले नाहीत. पुस्तक उघडलं नाही. ज्या कौशल्याचं कात्रण खिशात होतं ते कौशल्य एका तासात कुठे गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे मी या विषयावर जे काही मत बनवलं ते तिथे त्या पायरीवर बनलं.

डर्बीच्या आधी खिसा रिकामा. मग हळूच, "मास्तर, दोनशे द्या. पगार झाला की देतो."

माझ्याजवळ पैसे होते ते ताईचे. मी दिले.

आणि इथवर लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. भाऊजी खिडकीकडे गेल्यावर मी सहज घोड्यांकडे बघत उभा होतो. सात नंबरच्या घोड्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. आता घोडा माणसाकडे बघतो म्हणजे काय, तो कुठेतरी बघणारच. पण मला वाटलं की हा काहीतरी सांगतोय. एकावन्न वर्षांचा शिक्षक, खिशात बहिणीच्या शिवणाचे पाचशे रुपये, आणि मी दुसऱ्या खिडकीवर जाऊन सात नंबरवर दोनशे लावले. हात थरथरत होते. वाईट वाटत होतं म्हणून नव्हे, मजा वाटत होती म्हणून. तेही लिहायलाच हवं.

शर्यत अडीच मिनिटांची. त्या अडीच मिनिटांत मी ओरडत होतो हे मला घसा बसल्यावर कळलं. भाऊजींचा घोडा दुसरा आला, अगदी मानेच्या अंतराने, पण तिकीट विनचं होतं, म्हणजे कागद. माझा सात नंबर शेवटून दुसरा.

परत येताना मेगाब्लॉक संपला होता. सगळ्या गाड्या वेळेवर. दादरला चष्म्याच्या दुकानाकडे न बघता आम्ही पूल उतरलो. ताईला सांगितलं, दुकान बंद होतं. त्या महिन्यात आमचा पगार दहा तारखेला झाला, तोपर्यंत ताईने जुन्या, एका काडीला दोरा बांधलेल्या चष्म्यानेच शिवलं. रात्री दिव्याखाली मान वाकडी करून सुईत दोरा ओवताना मी तिला पाहिलं, आणि काही न बोलता घरी गेलो.

असो. आता मूळ मुद्दा.

भाऊजी २०१६ साली गेले. त्यांच्या पेटीत लांब आकाराच्या वह्या निघाल्या, १९८१ पासूनच्या. प्रत्येक रेसच्या दिवसाचा हिशोब त्यात होता. प्रवास किती, लावले किती, आले किती. मी ते सगळं बसून जमवलं. शेवटची नोंद २०१४ ची. इतक्या वर्षांत एकंदर तोटा एक लाख बारा हजार आणि वर काही रुपये. १९८१ चा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे, हे मलाही कळतं. तरीही त्या आकड्याने मला आश्चर्य वाटलं, कारण मी मनात याच्या कितीतरी पट धरून चाललो होतो. वह्या चाळताना कारणही दिसलं. पानोपानी एक शेरा होता. "मेगाब्लॉक. गेलो नाही." "पाहुणे. गेलो नाही." "लग्न ठाण्याला. गेलो नाही." "गाडी चुकली. परत फिरलो." आणि अशा नोंदींपुढे कधी कधी एकच शब्द, "वाचले."

टोटचा हिशोब साधा असतो. सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा शंभरातले वीस कापले. उरलेले ऐंशी लोकांनी पुढच्या शर्यतीत लावले तर चौसष्ट उरतात, मग एकावन्न, मग एक्केचाळीस. म्हणजे कौशल्य कुणाचं कितीही असो, सगळे मिळून हरणारच, आणि जितक्या वेळा खेळाल तितके जास्त हरणार. मग माणसाला वाचवतं काय? तर किती वेळा खेळता येतं यावरची मर्यादा. भाऊजींना वाचवलं ते डोंबिवली ते महालक्ष्मी या दीड-दोन तासांच्या प्रवासाने, सहा महिन्यांच्या मोसमाने, आठवड्यातल्या एका दिवसाने, दोन शर्यतींमधल्या अर्ध्या तासाने आणि संध्याकाळी बंद होणाऱ्या खिडकीने. फोनवर पैसे घेणारे चोरटे बुकी तेव्हाही होते. पण घोडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे लावणं भाऊजींना कमीपणाचं वाटायचं. हा त्यांचा शिष्टपणा ताईच्या संसाराला फार उपयोगी पडला.

उलट मटका बघा. (आम्ही कल्याण-डोंबिवलीचे म्हटल्यावर बाहेरगावचे लोक हमखास विचारायचे, कल्याण मटका तुमच्याकडचाच का? नाही हो. ते नाव वरळीच्या कल्याणजी भगतांवरून पडलं, १९६२ सालापासून. आमच्या गावाचा त्यात काही दोष नाही.) मटक्याला कुठे जावं लागत नव्हतं. पानाच्या टपरीवर, गिरणीच्या दारात, चाळीच्या जिन्याखाली चिठ्ठी घेणारा माणूस उभा असायचा, रोज, ओपनला आणि क्लोजला. चार-आठ आणेसुद्धा चालायचे. रेसने जितकी घरं बसवली त्याहून मटक्याने कितीतरी जास्त बसवली असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण मटका जास्त वाईट होता हे नसून तो जास्त जवळ होता, हे आहे.

आणि आता तर तो खिशात आला. माझा एक जुना विद्यार्थी, कल्याणला राहतो. वर्गात गणितात पहिला. गेल्या वर्षी त्याची आई माझ्याकडे आली, दारातच रडायला लागली. मुलाने मोबाइलवर क्रिकेटच्या टीम लावून आणि रमी खेळून चौदा महिन्यांत चार लाख साठ हजार घालवले होते. सुरुवात एकोणपन्नास रुपयांपासून. मी त्याला विचारलं, "अरे, कधी खेळायचास?" तो म्हणाला, "सर, कधी खेळायचो नाही ते विचारा." लोकलमध्ये, ऑफिसच्या संडासात, रात्री बायको झोपल्यावर पांघरुणात. हरले की कर्जही त्याच फोनवर, दोन मिनिटांत. मी त्याच्यासमोर बसून भाऊजींच्या वह्यांचा हिशोब मांडला. तेहतीस वर्षं आणि चौदा महिने. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला.

भाऊजींच्या पाकिटातलं कात्रण आठवतंय ना? हा कौशल्याचा खेळ आहे, असंच हे ॲपवाले कोर्टात आणि जाहिरातींत सांगत होते. शब्द तोच, पण घोड्याच्या शर्यतीला १९१२ च्या कायद्याखाली परवाना लागतो, मैदान लागतं, खराखुरा घोडा लागतो आणि तो दमतो. मोबाइल दमत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्य असो की नशीब. मला आनंद झाला. उशीर झाला, पण झालं. सप्टेंबरात रेस आणि लॉटरीवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झाला, त्यावर आमच्या कट्ट्यावर टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. कर वाढवला की चोरट्या बुकीचं फावतं, आणि चोरटा बुकी मैदानात बसत नाही, फोनमध्येच बसतो. बंदीनंतरही परदेशी साइटच्या लिंका येत असतात, त्या माझ्या विद्यार्थ्यानेच मला दाखवल्या. आपल्याकडे युधिष्ठिरालाही द्यूताला बोलावणं आलं होतं, पण निदान त्याला उठून हस्तिनापूरला जावं लागलं. तो गेला हा त्याचा दोष. इथे बोलावणं आणि सभा दोन्ही उशीखाली.

म्हणून कट्ट्यावरच्या मित्रांना माझं सांगणं आहे की ते ९१ एकर राहू द्या. ज्याला खेळायचं त्याने उठावं, अंघोळ करावी, गाडी पकडावी, मेगाब्लॉकात अडकावं, उन्हात उभं राहावं, आणि हरल्यावर परतीच्या गाडीत दोन तास गप्प बसावं. एवढं करून ज्याला खेळायचं आहे त्याला मी अडवणार नाही. पण घरबसल्या खेळायची सोय, मग ती घोड्याची का असेना, कुणालाही देऊ नये. रेस क्लबलाही नाही. यावर मंडळींचं दुमत असेल तर जरूर कळवा.

त्या वह्या ताईनेच मला दिल्या होत्या, भाऊजींचं वर्षश्राद्ध झाल्यावर. देताना म्हणाली, "हिशोब कर एकदा सगळ्याचा. तुझंही नाव आहे त्यात."

मी २ फेब्रुवारी २००३ चं पान काढलं. भाऊजींचं अक्षर. "मास्तर बरोबर. प्रवास ३१५. मास्तरांचे देणे २००." आणि त्याखाली, "मास्तर स्वतः २००, सात नंबर. मला माहीत नाही असे समजतात."

मी वर पाहिलं. ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "ते दुकान सोमवारी बंद असायचं रे. रविवारी उघडं असतं म्हणून तर मी तिथे टाकला होता चष्मा."

माझ्या विद्यार्थ्याचा फोन आता साधा आहे, बटणांचा. पगार आईच्या हातात. तो महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीला येतो आणि माझ्यासमोर बसून वहीत हिशोब लिहितो. मागच्या रविवारी मेगाब्लॉक होता, तर कल्याणहून बसने आला. नववा हप्ता भरून झाला आहे.